सहा रफू

पंचनाम्यातलं एक वाक्य व्यंकटराव वकिलांनी मला दोनदा वाचून दाखवलं. "सदर घोंगडीची पाहणी केली असता तिच्यावर कोठेही छिद्र अगर कापल्याची खूण दिसून आली नाही." मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सुकन्या, तुझा मामा खोटं बोलत नसेलही. पण हा कागद म्हणतो की बोलतोय."

मामा म्हणजे दगडोबा, माझ्या आईचे थोरले भाऊ. कळमनुरीपासून अकरा किलोमीटरवर गाव, पन्नास-साठ मेंढरं. जानेवारी २००२ मध्ये संतराम नावाचा जनावरांचा एक व्यापारी जोडीदाराला मोटरसायकलवर मागं बसवून त्यांच्या माळावर आला. त्याला मामांचा एक मेंढा हवा होता आणि मामांना तो विकायचा नव्हता. बोलणं वाढलं. संतराम मेंढ्याचं शिंग धरून ओढायला लागला, मामांनी त्याला ढकललं. इथपर्यंत दोन्ही बाजू एकच सांगत होत्या.

पुढं मामांचं म्हणणं असं: त्यानं सुरा काढला, मी घोंगडी डाव्या हाताला गुंडाळली, सुरा घोंगडीत गुंतला, मी उजव्या हातातली काठी त्याच्या मनगटावर घातली. सुरा खाली पडला, जोडीदारानं तो उचलला आणि दोघं पळाले. संतरामचं म्हणणं असं: सुरा नव्हताच, म्हाताऱ्यानं उगाच मारलं. त्याचं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं, एक्स-रे होता. मामांच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

"हाड मोडलं म्हणजे गंभीर दुखापत," व्यंकटराव म्हणाले. "सात वर्षांपर्यंत जाऊ शकतं प्रकरण. जीव वाचवायला मारलं तर गुन्हा नाही. पण जीवावर काय आलं होतं, हे आपण दाखवायचं. सुरा सापडला नाही, घोंगडीला भोक नाही. दाखवू काय?"

मी तेव्हा हिंगोलीहून फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले होते आणि कळमनुरीतल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते. वकिली मला कळत नव्हती. पण लोकरीच्या कापडात सुरा घुसून बाहेर निघाला तर भोक का पडलं नाही, हा प्रश्न वकिलीचा नव्हता. रविवारी मी फुटपट्टी, टेप आणि प्रयोगशाळेतलं भिंग घेऊन गावाला गेले.

मामी, म्हणजे चांगुणाबाई, ओट्यावर लोकर विंचरत बसली होती. मी सरळ विचारलं, "मामी, घोंगडीला भोक पडलंच न्हाई का?"

"काहून न्हाई पडलं? सहा पडली."

"मग पंचनाम्यात एकबी न्हाई असं लिहिलंय की."

"पंच आले तवा कुठं व्हती? आदल्या दिशीच रफू केले म्या." तिनं हातातली लोकर खाली ठेवली. "पोलीस येनार, चार मानसं येनार, घोंगडी अंगनात अंथरून बघनार. त्यांच्याम्होरं फाटकी घोंगडी टाकू व्हय? लोक काय म्हनले असते, दगडोबाच्या बायकूला सुई धरता येत न्हाई?"

ती पुढं म्हणाली, "ह्यांनी सांगितलं की जमादाराला, बायकूनं शिवली म्हनून. जमादार म्हनला, कुठं शिवली दाव. ह्यांनी अर्धा तास उलटीपालटी केली, ह्यांनाच घावंना!" आणि ती तोंडाला पदर लावून हसली. त्या हसण्यात काळजी होती, पण अभिमान जास्त होता.

मामा गोठ्यातून ओरडले, "हस, हस! सात वर्सं एकटी हसत बस."

घोंगडी काळी, दिवसा खांद्यावर टाकायची. मोठ्या घोंगडीचे दोन पाट मधोमध जोडलेले असतात, त्यांतला एक उसवून वेगळा केलेला. मी मोजली: लांबी एक मीटर पन्नास, रुंदी साठ सेंटीमीटर. उन्हात अंथरून भिंगानं इंच इंच पाहिली. पाऊण तासात मला दोन रफू सापडले, आणि त्यांतला एक रफू नव्हताच, विणतानाची गाठ होती.

"डोळ्यानं न्हाई घावायचं," मामी म्हणाली. तिनं डोळे मिटले, तळवा घोंगडीवरून फिरवला आणि थांबली. "हा एक." पुन्हा फिरवला. "हा दुसरा." असं करत तिनं सहाही दाखवले. चिंचोक्याची खळ लावलेली जुनी लोकर हाताला कडक लागते, तिनं रफूला वापरलेली नवी लोकर मऊ होती. एवढाच फरक. मी प्रत्येक ठिकाणी पांढऱ्या दोऱ्याची एक सैल गाठ मारून ठेवली आणि मागं सरकून पाहिलं.

सहा गाठी इकडंतिकडं पसरलेल्या नव्हत्या. घोंगडीच्या लांबीच्या दिशेनं दोन ओळी होत्या, प्रत्येक ओळीत तीन. दोन्ही ओळी मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर, जणू एक ओळ दुसरीचं आरशातलं रूप.

"मामी, त्यानं सहा वार केले?"

"एकच केला म्हनत्यात हे."

एका वारात सहा भोकं. मी वहीतलं पान फाडलं, लांबीत दुमडलं, आणि त्याच्यातून सुई घातली. उलगडल्यावर दोन भोकं, घडीच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर. मग तेच दुमडलेलं पान पेन्सिलीभोवती गुंडाळलं आणि पुन्हा सुई घातली. उलगडलं तर भोकांच्या जोड्या, एकीपुढं एक. घोंगडी लांबीत दुहेरी दुमडून हाताला गुंडाळली होती आणि सुरा तीन वेढ्यांतून गेला होता. एक वेढा म्हणजे दोन थर, तीन वेढे म्हणजे सहा.

मी मामीला ते पान दाखवलं. ती म्हणाली, "एवढं कागद फाडून काय केलंस? मला इचारायचं की. भोकं बी मोठ्यापासून बारक्यापत्तोर व्हती."

"म्हणजे?"

"रफूला तारा मोजाव्या लागत्यात. तुटलेल्या जेवढ्या, तेवढ्याच नव्या घालायच्या. कडंच्या जोडीत ह्या भोकाला आठ तुटल्या व्हत्या, त्याला सात. मधल्या जोडीला पाच अन् पाच. शेवटच्या जोडीत एकाला दोन, एकाला एकच. ते एकाचं भोक तर म्या सोडूनच देनार व्हते."

मी वहीत लिहिलं: ८, ७, ५, ५, २, १. सुऱ्याचं पातं टोकाकडं निमुळतं होत जातं. बाहेरच्या थराला पात्याचा रुंद भाग लागला, आतल्याला टोक. शेवटच्या थरात टोक जेमतेम एक तार तोडून थांबलं होतं. मामीनं पुरावा शिवून टाकला होता हे खरं. पण सुऱ्याच्या पात्याचा आकार तिच्या डोक्यात आकड्यांनी जपलेला होता, आणि तो आकार पंचांनी उघडी भोकं पाहिली असती तरी त्यांना मोजता आला नसता.

मग जोड्यांमधली अंतरं मोजली. बाहेरच्या जोडीपासून मधल्या जोडीपर्यंत बेचाळीस सेंटीमीटर. मधलीपासून आतल्या जोडीपर्यंत साडेछत्तीस. फरक साडेपाच. हा फरक कुठून आला हे मला कळलं तेव्हा मी ओट्यावरून उठून उभीच राहिले. हातावर वेढे चढत जातात तसा प्रत्येक वेढा आधीच्यापेक्षा थोडा लांब लागतो. किती लांब, ते कापडाच्या जाडीवर असतं, आणि त्या दुहेरी घोंगडीच्या जाडीला हिशेबानं साडेपाच सेंटीमीटरच येत होते. म्हणजे तसंच मोजत आत जाता आलं असतं. बेचाळीस, साडेछत्तीस, पुढचा एकतीस, आणि त्याच्याही आत साडेपंचवीस. दीड मीटरच्या घोंगडीचे चारच वेढे होतात, म्हणून त्याच्या आत घोंगडी नाही, फक्त हात.

"मामा! डावा हात दाखवा."

मामा आले. हात पुढं केला. "काय, भविष्य बघती का?"

मी शर्टाच्या बाहीवरूनच टेप लावला. सव्वीस.

अर्ध्या सेंटीमीटरचा फरक. रफूंच्या गाठींवरून मला मामांच्या हाताचा घेर काढता आला होता. मी त्यांना ते समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजी घोंगडीला माजं माप ठावं हाय."

पुढच्या आठवडी बाजारातून मी सहा इंची पात्याचा सुरा आणला. विकणाऱ्यानं "काय कापायचंय ताई?" म्हणून विचारलं, मी "घोंगडी" म्हणाले, त्यावर त्यानं सुरा कागदात गुंडाळून देताना दोनदा माझ्याकडं पाहिलं. मोठ्या घोंगडीचा दुसरा पाट घरात होताच. तो दुमडून पोत्याच्या घट्ट गुंडाळीवर चार वेढे दिले आणि अंगणात मी सुरा मारला. चार थर. दुसऱ्यांदा जोर लावून पाच. पण मला नवल वाटलं ते घुसण्याचं नाही, निघण्याचं. सुरा ओढून काढायला दोन्ही हात लागले. भिंगातून पाहिलं तर काही तारा तुटल्या होत्या, पण तेवढ्याच तारा नुसत्या बाजूला सरकून पात्याला दोन्हीकडून आवळून बसल्या होत्या.

मामा दारात उभे राहून बघत होते. "घोंगडी सुऱ्याला आडवत न्हाई पोरी. धरती. त्यो वडून राहिला की तेवढ्यात काठी घालायची."

"आणि तो वार कुठं करणार हे कसं कळलं?"

"सुऱ्याकडं बघायचंच न्हाई. त्याच्या कोपराकडं बघायचं. कोपर मागं गेलं की समजायचं, आला. मेंढ्याचं बी तसंच हाय, टक्कर द्यायच्या आदी मान आत घेतो. शिंगाकडं बघत बसला त्यो पडला."

"हे कुणी शिकवलं?"

"मेंढ्यानं. दोनदा पडल्यावर."

सोमवारी मी सगळं वहीत नीट मांडून व्यंकटरावांकडं घेऊन गेले. त्यांनी पेन्सिलीभोवती कागद स्वतः गुंडाळून पाहिला, सुई घातली, उलगडला, आणि लहान पोरासारखं पुन्हा एकदा तेच केलं. "चांगुणाबाईला साक्षीला उभं करू," म्हणाले. "कोर्टात घोंगडी गुंडाळून दाखवू." मग खुर्चीत मागं टेकले. "आता सरकारी वकील काय विचारील ते मी विचारतो. घोंगडी दुमडायची, चार वेढे द्यायचे, टोक मुठीत धरायचं. किती वेळ लागतो?"

मी घड्याळ लावून पाहिलं नव्हतं. ते त्यांनी तिथंच माझ्याकडून शालीवर करून घेतलं. मला एकोणीस सेकंद लागले.

"मामाला सराव आहे. बारा-पंधरा धर. समोरच्यानं सुरा काढलाय आणि हा पंधरा सेकंद घडी घालतोय? संतराम काय उभा राहून बघत होता? तुझ्या गणितानं घोंगडी गुंडाळलेली होती हे पक्कं होतं. मग ती आधीच गुंडाळलेली होती. म्हणजे म्हातारा मारामारीची तयारी करूनच बसला होता, असं ते म्हणतील. काल भोक नव्हतं म्हणून मरत होतो, आज भोक आहे म्हणून मरू."

ते बरोबर होतं. मापं चुकत नव्हती. मामांच्या सांगण्यातला क्रमच चुकत होता.

त्या रविवारी मी मामांना आधी काही विचारलं नाही. मामीला विचारलं. "रफू करताना घोंगडीत आनखी काही घावलं का?"

"काटे. झटकून काडले. हे एवढाले," तिनं बोटाच्या दोन पेरांएवढं दाखवलं. "पांढरे."

लांब, सरळ, पांढरा काटा बाभळीचा. मामांच्या माळावर बोरी आहेत, त्यांचा काटा आखूड आणि वाकडा. मोठी बाभूळ त्या बाजूला एकाच ठिकाणी होती, ओढ्याच्या पलीकडं, गावानं राखलेल्या प्लॉटात. दोन वर्षांपूर्वी तिथं रोपं लावली होती, जुनी चार-पाच झाडंही त्या कुंपणात आली होती. झाडं मोठी होईपर्यंत कुणीही मेंढरा-शेळ्यांसाठी त्यांतली एक डहाळीही तोडायची नाही, असं गावातल्या सगळ्या जनावरवाल्यांनी बिरोबाच्या देवळासमोर ठरवलं होतं. नुसतं ठरवलं नव्हतं, भंडारा उचलला होता. बिरोबाच्या पायाची हळद हातात घेऊन बोललेला शब्द आमच्यात कुणी मोडत नाही. आणि त्या दिवशी ताटातला भंडारा प्रत्येकाच्या हातावर ठेवला होता तो मामांनी, कारण देवळाची पूजा त्यांच्याकडं.

मामा ओढ्यावर मेंढरांना पाणी दाखवत होते. मी शेजारी जाऊन बसले. "मामा, बाभळी तोडताना काटे लागू नये म्हणून काय करता?"

ते पाण्याकडंच बघत राहिले. "डाव्या हाताला घोंगडी गुंडाळतो. फांदी डाव्यानं धरायची, कोयता उजव्यानं मारायचा. समदेच करत्यात."

"संतराम आला तवा तुमी प्लॉटात होता."



"तीन कोकरं नुसती हाडं झाली व्हती," ते म्हणाले. "आया आटलेल्या. माळावर कायबी न्हाई. दोनच डहाळ्या घेनार व्हतो. तेवढ्यात मेंढा वरडला. कोयता झाडाखाली टाकला, काठी घेऊन पळालो. घोंगडी सोडायचं ध्यानातच न्हाई. म्हनून तर वाचलो."

"हेच सांगा की कोर्टात. सगळं बराबर बसतं."

"कोर्टात आपल्या गावची मानसं येत्यात सुकन्या."

"खोटं सांगितलं तर सात वर्सं."

"खरं सांगितलं तर?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "ज्यांच्या हातावर भंडारा ठिवला त्यांच्याम्होरं उभा राहून म्हनू, म्याच मोडला? तुज्या वहीत हाय का त्याचं माप?"

नव्हतं. मी तसं म्हणाले. त्यांनी मेंढरं उठवली आणि निघून गेले. मी हे व्यंकटरावांना सांगावं की नाही, याचा दोन दिवस विचार केला. शेवटी सांगितलं, कारण त्यांनी उत्तर माहीत नसताना प्रश्न विचारू नये. ते म्हणाले, "मी त्याला शिकवणार नाही. खरंही नाही आणि खोटंही नाही. उभा राहील तेव्हा बघू."

साक्षीची तारीख लागायला २००३ चा डिसेंबर उजाडला. कळमनुरीच्या कोर्टात मागच्या बाकांवर आमच्या गावचे दहा-बारा जण दाटीवाटीनं बसले होते. संतराम पुढं बसला होता, मनगट अजून थोडं वाकडं. आधी मामीची साक्ष झाली. तिनं तारा सांगितल्या, आठ, सात, पाच, पाच, दोन, एक, न अडखळता.

सरकारी वकील उठले. "बाई, म्हणजे पोलीस येण्याआधी तुम्ही पुरावा नष्ट केलात?"

"नष्ट कुठं साहेब? दुरुस्त केला."

न्यायाधीशांनी हसू लपवायला तोंडावर हात धरला. मागच्या बाकांवर कुणी तेवढं केलं नाही.

"आणि पोलिसांना सांगितलं का नाही?"

"मला कुनी इचारलंच न्हाई. चा मात्र मागितला."

मग मामांना पिंजऱ्यात बोलावलं. पांढऱ्या गाठी मारलेली घोंगडी त्यांच्या हातात दिली. न्यायाधीश म्हणाले, "तेव्हा गुंडाळली होती तशी गुंडाळा." मामांनी ती लांबीत दुमडली, एक टोक दंडाशी दाबलं, हात फिरवला. सगळ्यात बाहेरची गाठ मनगटापासून चार बोटं वर, बरोबर समोर आली. त्यांनी हात अलगद बाहेर काढला, गुंडाळी पोकळ नळीसारखी टेबलावर राहिली. व्यंकटरावांनी पोती शिवायचं दाभण शिपायाच्या हातात दिलं आणि त्यानं ते वरच्या गाठीवर टेकवून आत दाबलं. उलगडताना मी मोजत होते. पाच गाठींच्या अगदी शेजारून दाभण गेलं होतं. सहावी, एकाच तारेची, अर्ध्या बोटानं चुकली. न्यायाधीशांनी ते वाकून पाहिलं आणि लिहून घ्यायला सांगितलं, चुकलेलं धरून.

सरकारी वकील थांबलेच होते. "दगडोबा, आत्ता तुम्हाला गुंडाळायला तेरा सेकंद लागले. मी घड्याळ लावलं होतं. संतरामनं सुरा काढला असं तुम्ही म्हणता. मग तो तेरा सेकंद काय करत होता?"

मामांनी मागच्या बाकांकडं पाहिलं, एकेका माणसाकडं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते आणि मला काहीच सांगता येत नव्हतं. व्यंकटराव कागदांत बघत होते.

"प्रश्न समजला का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"समजला साहेब." मामांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. "त्यानं सुरा काढल्यावर गुंडाळली हे म्या खोटं सांगितलं. घोंगडी आदीच गुंडाळलेली व्हती."

संतरामच्या बाजूला कुणीतरी खुर्ची सरकवली. सरकारी वकील जवळ आले. "कशासाठी? मारामारीसाठी?"

"न्हाई. काट्यासाठी. म्या बाभळी तोडून राहिलो व्हतो. वढ्यापल्याडच्या प्लॉटातल्या."

"तिथं तोडायला बंदी आहे ना?"

"हाय की."

"मग तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला ठावं न्हाई तर कुनाला ठावं, साहेब? भंडारा माज्या हातानं दिला. ही मागं बसली हायत, ह्या समद्यांच्या हातावर." त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "दोन डहाळ्या तोडल्या. तिसरी तोडायच्या आदी मेंढा वरडला."

सरकारी वकिलांनी आणखी दोन प्रश्न विचारले, पण ते कोयता कुठं होता वगैरे. मागं कुणीही हललं नाही. पिंजऱ्यातून उतरताना मामा त्या बाकांजवळून गेले तेव्हा दोघांनी पाय आत घेतले, वाट द्यायला की आणखी कशाला, ते मला कळलं नाही.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. मामा सुटले. निकालपत्राची प्रत मी व्यंकटरावांकडून घेऊन दोनदा वाचली, कारण माझ्या मापांचं काय झालं हे मला बघायचं होतं. बेचाळीस आणि साडेछत्तीसला एक ओळ मिळाली होती: "रफूंची मांडणी आरोपीच्या कथनाशी सुसंगत आहे." बाभळीला अर्धं पान होतं. आरोपीनं स्वतःला कमीपणा आणणारी, कुणी सिद्ध न केलेली गोष्ट आपण होऊन सांगितली, तिच्यामुळं घोंगडी आधीच का गुंडाळलेली होती याचा उलगडा झाला, सबब सुऱ्याबाबतचं त्याचं कथन विश्वसनीय वाटतं, असं न्यायाधीशांनी लिहिलं होतं. मी नुसतीच मापं घेऊन गेले असते तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला. तो प्रयोग पुन्हा करता येत नाही.

त्या संध्याकाळी मामा घरी न जाता आधी देवळात गेले. माणसं जमलेलीच होती. त्यांनी गाभाऱ्यातून भंडाऱ्याचं ताट आणलं, सगळ्यांसमोर पायरीवर ठेवलं, दोन वाक्यं बोलले आणि मेंढरांकडं निघून गेले.

अकरा दिवसांनी मी गेले तेव्हा ताट तिथंच होतं, वर कुणीतरी सुपानं झाकून ठेवलेलं.

"मामी, पूजा कुणीच घेईना का? मामांनी परत घ्यावी असं म्हणत्यात का लोक?"

"तसं कुनी म्हनत न्हाई. मान तर समद्यांनाच पायजे." ती लोकर विंचरत होती, मान वर केली नाही. "पर हे ताट ठिवताना म्हनले ना, ज्यानं त्या प्लॉटातली एकबी डहाळी तोडली न्हाई त्यानं उचलावं. तवापास्नं जो येतो त्यो पायरीपत्तोर येतो, हात जोडतो, अन् माघारी जातो."